विकसनशील देशांत श्रीमंत स्त्रिया जाड आणि गरीब स्त्रिया कृश, हे समीकरण अजून खरे आहे का?

भारतापुरते बोलायचे तर बऱ्याच अंशी खरे आहे, पण ते झपाट्याने बदलते आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील २२.९ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आणि २०.६ टक्के जादा वजनाच्या होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे १८.७ आणि २४ टक्के झाले, म्हणजे पारडे फिरले. (दीड मीटर उंचीच्या स्त्रीचे वजन साधारण ४२ किलोच्या खाली असेल तर ते कमी, आणि ५६ किलोच्या वर असेल तर जादा धरले जाते.) जादा वजनाचे प्रमाण शहरात ३३.२ टक्के, तर खेड्यात १९.७ टक्के होते.

मजुरी करणारी, पाणी-सरपण वाहणारी आणि सगळ्यांची पाने उठल्यावर उरलेल्या भाकरीवर भागवणारी बाई कृश राहते, यात नवल नाही. मात्र हातात थोडा पैसा आला की आधी तेल, साखर, बिस्किटे आणि पाच रुपयांचा वेफर्सचा पुडा घरात येतो. डाळ, दूध, फळे त्या मानाने महागच राहतात. त्यामुळे वजन वाढते, पण रक्तक्षय जात नाही: २०१९-२१ च्याच सर्वेक्षणात ५७ टक्के स्त्रियांना तो होता.

ब्राझीलमध्ये लठ्ठपणाचा भार गरीब स्त्रियांकडे सरकल्याचे १९९० च्या दशकातच दिसू लागले होते. माझ्या मते आपली शहरेही त्याच वाटेवर आहेत, आणि नुसते सरासरी वजन पाहणाऱ्याला ते कळणार नाही, कारण एकाच वस्तीत दोन्ही टोके नांदत असतात.