जुन्या मॅटाडोर कॅम्परला नवं इंजिन बसवायचंय, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत घरामागे १९८६ ची मॅटाडोर उभी आहे. काकांनी तेव्हा हौसेने तिच्यात झोपायचे दोन बाक, छोटा ओटा आणि छताला झरोका करून घेतला होता. गाडी कोल्हापूर पासिंगची, इंजिन जाम. आता तिच्यात इनोव्हाचं २.५ डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स घालून घरच्यांना चोर्ला घाटावरून गोव्याला आणि आंबोलीवरून कोकणात न्यायचं आहे. करावं का?

जरूर करा. त्या पिढीच्या मॅटाडोर आपल्या भागातून झपाट्याने भंगारात गेल्या, त्यामुळे बॉडीसकट टिकलेली एखादी दिसली की मला मनापासून आनंद होतो. फक्त एक ऐका, इंजिनाचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्या. मी बेळगावात उद्यमबागेत मशीनिंगचं काम करतो, जुन्या गाड्यांचे गिअरबॉक्स आणि हौसिंग माझ्याकडे येत असतात. हौसेने इंजिन आधी विकत घेतलं आणि मग गाडी शेडमध्येच राहिली, असं मी वारंवार बघतो. कागद, वजन, ब्रेक आणि पुढचा एक्सल या चार गोष्टी ठरल्या की कोणतं इंजिन घालायचं ते आपोआप ठरतं.

आधी कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील मूळ निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी लागते, आणि त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर ते काम सरळ होतं. बजाज टेम्पोच्या गाडीत टोयोटाचं इंजिन ही त्यांच्या दृष्टीने वेगळीच गोष्ट आहे. आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळला नाही तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि तुम्ही तर घरच्यांना घेऊन फिरणार आहात.

काही जण सांगतील, ‘व्हिंटेज पासिंग करून टाका.’ २०२१ च्या नियमांनुसार ती सोय पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाड्यांना आहे, म्हणजे तुमची गाडी अजून बसत नाही. त्यातही चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. नवं इंजिन हवं असेल तर तो रस्ता तुमच्यासाठी बंदच आहे.

गाडी कोल्हापूर पासिंगची असून कायमची निपाणीत राहणार असेल तर कोल्हापूरची एनओसी घेऊन चिक्कोडी आरटीओत केए-२३ करून घ्यावी लागेल. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला हे बंधनकारक आहे. सीमेवर राहणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटतं हे मला पुरतं माहीत आहे, अर्ध्या नातेवाइकांच्या गाड्या एमएच-०९ आणि अर्ध्यांच्या केए असतात. तरी एनओसी, आरसीचं नूतनीकरण आणि इंजिनबदलाची परवानगी यांचं काम एकाच वेळी सुरू करा. इंजिन घ्याल तेव्हा त्याच्या मूळ गाडीची आरसी आणि पक्कं बिल घ्या. ‘नंबर नंतर बघू’ म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

आता गाडी. मॅटाडोरची खरी दौलत म्हणजे तिची पुढची चाकं. ती पुढच्या चाकांनी ओढली जाते, मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट नाही, म्हणून मागचा तळ खाली आणि सपाट आहे. काकांना बाक आणि ओटा जमला तो याच्यामुळे. इनोव्हाचं इंजिन त्याच्या गिअरबॉक्ससकट घातलंत तर ताकद मागे न्यावी लागेल. मग शाफ्ट आला, मागचा नवा एक्सल आला, तळात उंचवटा आला, आणि गाडीत ताठ उभं राहायची उंची गेली. एवढं करून गाडी इनोव्हासारखी पळणार नाहीच, कारण तिचा आकार आणि वजन तेच राहणार. त्यामुळे माझं स्पष्ट मत: पुढचा एक्सल आणि त्याचा गिअरबॉक्स ठेवा आणि त्याला झेपेल असं इंजिन शोधा.

झेपेल म्हणजे काय, ते आकड्यांत बघा. बजाज टेम्पोने, म्हणजे २००५ पासूनच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजचं ओएम ६१६ हे २.४ लिटरचं चार सिलिंडरी डिझेल परवान्यावर बनवलं आणि ट्रॅक्स, ट्रॅव्हलरमध्ये घातलं. मर्सिडीजच्या २४० डी गाडीत या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे १३७ न्यूटन-मीटर होता. इनोव्हाच्या २.५ डी-४डीचा २०० आहे. पहिल्या गिअरमध्ये हा फरक कित्येक पटींनी वाढून पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या एक्सल शाफ्टवर आणि त्याच्या जॉइंटवर येतो. सपाट हायवेवर काही कळणार नाही. गोव्याहून परतताना साखळी गावाच्या पुढे चोर्ल्याचा चढ लागतो, भरलेली गाडी वळणावर थांबते, आणि पुन्हा उचलताना चाक वळलेलं असतं. जुना जॉइंट जातो तो अशाच वेळी.

म्हणून मी तुमच्या जागी ओएम ६१६ च्याच घराण्यातलं चांगलं इंजिन घेऊन ते पूर्ण उघडून बांधून घेईन: लाइनर, पिस्टन, बेअरिंग, हेड, पंप आणि नोझल. बनावट तीच असल्यामुळे आरटीओतही तुमची बाजू भक्कम राहते. ‘आधुनिक’ म्हणजे कॉमन रेलच (संगणकावर चालणारी डिझेल फवारणी), असं धरून चालू नका. कॉमन रेलमध्ये इंधनाचा दाब हजार बारच्या वर असतो. त्याचा ईसीयू (इंजिनाचा संगणक), वायरिंगची पूर्ण माळ, एक्सलरेटर पेडलचा सेन्सर, चावीचा इमोबिलायझर हे सगळं एकाच गाडीतून यायला लागतं, नाहीतर इंजिन सुरूच होत नाही किंवा जोर धरत नाही. कणकुंबीच्या पावसात अशी गाडी बंद पडली की स्कॅनर असलेला माणूस शोधावा लागतो. यांत्रिक पंपाचं इंजिन मात्र खानापूरचा किंवा चंदगडचा कुठलाही जुना डिझेल मिस्त्री ऐकून सांगतो, हवा धरलीय की नोझल टपकतोय.

तुमच्या गिअरबॉक्सच्या तोंडाची (इंजिनाला जोडणाऱ्या बाजूची) छिद्रं नव्या इंजिनाशी जुळत नसतील तर मध्ये अडॅप्टर प्लेट लागेल. ही प्लेट गॅसने कापून, वेल्डिंग मारून, अंदाजाने बसवणारे आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका सरळ रेषेत असायलाच हवेत. ते तपासायची रीत साधी आहे. हौसिंग (गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच) इंजिनाला बोल्ट करायचं, फ्लायव्हीलवर मॅग्नेटिक स्टँड बसवून डायलची सुई हौसिंगच्या मधल्या बोअरला टेकवायची आणि क्रँक हाताने सावकाश एक फेरा फिरवायचा. पूर्ण फेऱ्यात सुई ०.१ मि.मी.च्या आसपासच हलली पाहिजे. जास्त हलली तर हौसिंग सरकवून पुन्हा बघायचं, आणि जागा पक्की झाली की मगच डॉवेल पिनांची (जागा पक्की धरणाऱ्या खुंट्यांची) भोकं रीमर करायची. डॉवेल नसलेली प्लेट नुसत्या बोल्टवर राहत नाही, हळूहळू सरकते. आधी क्लचप्लेटचा हब खातो, मग इनपुट बेअरिंग आवाज करतं, आणि मालकाला वाटतं गिअरबॉक्स खराब. उद्यमबागेत किंवा मच्छेत हे काम नीट करणारी सीएनसी शॉप भरपूर आहेत. दोन्ही हौसिंग घेऊन जा, नुसता कागदावरचा स्केच नको.

ब्रेकवर मी तडजोड करत नाही. निपाणीहून निघालात की तवंदी घाट आहेच, पण बेळगावहून गोव्याला जाताना आधी लांबलचक उतार येतो. चारही ड्रम उघडून बघा, सिलिंडरचे रबर, पाइप, मास्टर सिलिंडर नवं घाला. ब्रेक हलका करणारा बूस्टर असेल किंवा बसवणार असाल तर नव्या इंजिनावर व्हॅक्यूम पंप आहे ना, हे आधी बघा. डिझेलला पेट्रोल इंजिनासारखा इनटेकमधून भरवशाचा व्हॅक्यूम मिळत नाही, आणि पंप विसरला की पेडल दगडासारखं होतं. ब्रेक ऑइल पाणी शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासच. आपल्या पावसाळ्यानंतर ते बदलावंच. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शेडमध्ये उभ्या गाडीच्या टायरची नक्षी नवी दिसते, त्यावर जाऊ नका, शिक्का बघा.

आता वजन, आणि हे काम उद्याच करता येईल. साखर कारखान्याच्या किंवा कुठल्याही धर्मकाट्यावर गाडी टो करून न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. ऊसतोडणीचा हंगाम नसेल तर काटेवाला निवांत करून देतो. पुढून ओढणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांवरचं वजन हीच पकड. मागच्या एक्सलच्या पुढेमागे तुम्ही काय ठेवता त्यावर चढात चाक फिरणार की गाडी चढणार हे ठरतं. समजा दोन एक्सलमधलं अंतर अडीच मीटर आहे आणि १०० लिटरची पाण्याची टाकी मागच्या एक्सलच्या ६० सें.मी. मागे बसवली. पाण्याचेच १०० किलो होतात, आणि पुढच्या चाकांवरचे सुमारे २४ किलो उचलले जातात. त्यात मागे सायकली लटकवल्या, स्टेपनी लावली, की ओल्या तांबड्या मातीच्या चढावर पुढची चाकं जागीच फिरतात. म्हणून टाकी, बॅटऱ्या आणि सिलिंडर दोन्ही एक्सलच्या मध्ये, जमेल तितके पुढे आणि खाली घ्या. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत आणूच नका.

गंज आधी शोधा. चटई आणि रबर उचलून, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यात आणि काकांनी छताला भोक पाडलं तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचत जा. टणक आवाज आला तर पत्रा आहे, टोक आत गेलं तर नुसता रंग उरलाय. त्यावर पुट्टी भरून देणारा बॉडीवाला टाळा. गंजलेला भाग कापून नवा पत्रा घालणारा महाग पडेल, तरी तोच घ्या. झरोक्याची कडा नीट केली नाही तर आंबोलीचा पाऊस पहिल्याच रात्री गादीवर येईल.

रेडिएटर मोठा घ्या, पंख्याला श्राउड (भोवतीचं आवरण) घाला आणि तापमानाचा खरा आकडा दाखवणारं मीटर लावा. आतल्या पंखा-दिव्यांसाठी वेगळी बॅटरी ठेवा, तिला वेगळी लाइन आणि डीसी-डीसी चार्जर (गाडी चालताना ती भरणारा) द्या, म्हणजे रात्रभर पंखा चालला तरी सकाळी स्टार्टर फिरेल. बाक, पडदे, रंग हे तुमच्या हौसेचं. काकांचा ओटा मात्र शक्य असेल तर तसाच ठेवा, त्या काळच्या सुताराचं काम सहसा चांगलं असतं.

सध्या इंजिनासाठी कुणालाही बयाणा देऊ नका. काट्याच्या तिन्ही पावत्या, गिअरबॉक्सच्या तोंडाचा समोरून सरळ काढलेला फोटो (बाजूला स्टीलची पट्टी धरून) आणि आरसीवर ‘वाहनाचा प्रकार’ या रकान्यात काय लिहिलंय ते इथे टाका. त्यावरून प्लेट लागेल की नाही आणि आरटीओत कोणता अर्ज आधी द्यायचा, ते सांगतो.