फेज-कॉन्ट्रास्ट एमआरआयने (सिग्नलच्या फेजवरून रक्ताचा वेग मोजणाऱ्या स्कॅनने) महाधमनीत मोजलेला प्रवाह व्हेंट्रिकलच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) आकड्याशी का जुळत नाही?

तुमचे आकडे असे: सिने प्रतिमांवरून (धडधडत्या हृदयाच्या चलत्चित्रांवरून) डाव्या व्हेंट्रिकलचा स्ट्रोक व्हॉल्यूम, म्हणजे एका ठोक्यात फेकलेलं रक्त, 78 मिली, महाधमनीत मात्र 66. सीएफडी मॉडेलच्या (रक्तप्रवाहाच्या संगणकीय मॉडेलच्या) इनलेटला, म्हणजे प्रवेशाच्या टोकाला, देण्याआधी प्रवाहाचा वक्र 78/66 ने गुणावा का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात गुणू नका. इथे बहुतेक वेळा चूक बेरजेची असते, म्हणजे प्रत्येक वेगात एक ठरावीक आकडा मिसळलेला असतो; गुणाकाराची नाही. गुणलंत तर सिस्टोलमधला (हृदय आकुंचन पावतानाचा) कमाल वेग विनाकारण वाढेल आणि भिंतीवरचा शिअर स्ट्रेसही (रक्ताच्या घर्षणाचा ताणही) फुगेल.

मी सर्वांत आधी बॅकग्राउंड फेज, म्हणजे हालचाल नसतानाही दिसणारी फेज, बघतो. एडी करंटमुळे (स्कॅनरच्या धातूत उपजणाऱ्या विद्युतप्रवाहांमुळे) स्थिर ऊतींनाही थोडा खोटा वेग चिकटतो. व्हेंक (180 अंश फेजला जुळणारा, मोजता येणारा कमाल वेग) 150 सेमी/से असेल, तर 1 सेमी/से म्हणजे फेजमध्ये जेमतेम 1.2 अंश, प्रतिमेत काहीच दिसत नाही. पण 3 सेमी व्यासाच्या महाधमनीचं क्षेत्रफळ सुमारे 7 चौ.सेमी, म्हणजे सेकंदाला 7 मिलीची चूक. नाडी 60 असेल तर प्रत्येक ठोक्याला 7 मिली गेले.

खात्रीचा उपाय फँटमचा, म्हणजे पेशंटऐवजी ठेवलेल्या स्थिर नमुन्याचा. पेशंट उतरल्यावर त्याच जागी जिलेटिनचा डबा ठेवा आणि तेच स्कॅन पुन्हा घ्या: स्लाइसची जागा, तिरपेपणा, व्हेंक, टीई (एको टाइम) आणि बँडविड्थ या स्कॅनच्या सेटिंग्ज, ईसीजीचा कृत्रिम दर, सगळं तेच. पाणी वापरलं तर ते पूर्ण स्थिरावू द्या, नाहीतर त्याचं डचमळणंच मोजलं जाईल. महाधमनीच्या जागी मिळालेला सरासरी वेग प्रत्येक फ्रेममधून वजा करा. फँटम शक्य नसेल तर छातीच्या भिंतीत आणि पाठीच्या स्नायूंत दिसणाऱ्या खोट्या वेगावर सपाट प्रतल बसवा आणि महाधमनीच्या जागी त्यावरून येणारा वेग वजा करा. फुप्फुसं आणि रॅप-अराउंड झालेला (प्रतिमेच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर उमटलेला) भाग वगळा. दुसऱ्या घाताचा वक्र पृष्ठभाग मी टाळतो, कारण महाधमनीच्या आसपास स्थिर ऊती कमी असतात आणि अंदाज भलतीकडे जातो.

डायस्टोलच्या (हृदय शिथिल असतानाच्या) शेवटी वक्र शून्याखाली आहे म्हणून तो उचलून शून्यावर आणणं हा उपाय नव्हे. तिथे कोरोनरींकडे (हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांकडे) जाणारा थोडा उलटा प्रवाह खराच असतो.

व्हेंट्रिकलच्या 78 वरही डोळे झाकून विश्वास नको. सिस्टोलच्या शेवटी एक बेसल स्लाइस (व्हेंट्रिकलच्या झडपेजवळच्या टोकाचा काप) धरली की सोडली, एवढ्यानेही फरक पडतो: 8 मिमी जाडी, 15 चौ.सेमी क्षेत्रफळ, म्हणजे 12 मिली. तुमचा सगळा फरक एवढाच आहे! लाँग-अ‍ॅक्सिसवर (हृदयाच्या लांबीच्या दिशेने घेतलेल्या प्रतिमेवर) मायट्रल झडपेची, म्हणजे डाव्या व्हेंट्रिकलच्या आत येणाऱ्या झडपेची, पातळी बघून ती स्लाइस ठरवा.

शिवाय स्लाइस कोरोनरींच्या वर असेल तर हृदयाने फेकलेल्या रक्तातलं 4-5 टक्के, म्हणजे 3-4 मिली, आधीच वळलेलं असतं. तेवढा फरक राहणारच. एवढं सगळं करूनही 10-12 मिली उरले, तर मायट्रल झडपेची गळती तपासा. गळती असेल तर ते रक्त महाधमनीत आलेलंच नाही आणि इनलेटला दुरुस्त केलेला महाधमनीचाच वक्र द्यायचा.