दिवाळी सरली, मुदत नाही

कराडच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. २०२३च्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, हे कुटुंब तारकर्लीला होतं. बनाना राइडवाल्याने नेहमीप्रमाणे सगळ्यांना पाण्यात पाडलं. लाइफ जॅकेट घालून तरंगत असलेल्या पत्नीच्या पायावर त्याच चालकाची जेट स्की आली. नडगीचं हाड मोडलं, दोन ऑपरेशनं झाली, आत प्लेट आहे. राइडआधी 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशा फॉर्मवर सही घेतली होती. पैसे मेव्हण्याने यूपीआयने भरले होते. चालकाने पाच हजार दिले आणि उरलेल्या बिलांचं 'बघतो' म्हणाला. 'आता ही दिवाळीही गेली, म्हणजे दोन वर्षं उलटली. सहीही केलेली आहे. काही होईल का? निदान वकिलाची नोटीस पाठवावी का?' असं ते विचारतात.

दर दिवाळीनंतर आणि दर मे महिन्यानंतर अशी पत्रं येतात. कुठे पॅरासेलिंगची दोरी असते, कुठे स्कूबाची बोट. चालक निष्काळजी होता का, हे मी इथे उगाळत बसत नाही. माणसं पाण्यात असताना त्यांच्यामधून जेट स्की नेणाऱ्याबद्दल वेगळं काय सांगायचं?

तुमच्या प्रकरणात बघण्यासारखी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे तारीख. आणि नेमकी तीच पत्रात नाही. जॅकेटचा रंग आहे, होमस्टेतल्या जेवणाचं वर्णन आहे, तारीख मात्र 'भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी'. कायदा तिथीवर चालत नाही. आपल्याकडे १८९७ सालचा जनरल क्लॉजेस ॲक्ट आहे, त्यात वर्ष म्हणजे ब्रिटिश कॅलेंडरचं वर्ष असं लिहून ठेवलं आहे. २०२३ची भाऊबीज १५ नोव्हेंबरला होती, २०२५ची २३ ऑक्टोबरला झाली. म्हणजे तुमच्या हिशेबाने दोन वर्षं भरली, पण तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत देणाऱ्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९च्या हिशेबाने भरलेली नाहीत. अपघात १६ नोव्हेंबर २०२३चा असेल तर मुदत १६ नोव्हेंबर २०२५ला संपते. हे मी ४ नोव्हेंबर २०२५ला लिहितो आहे, तेव्हा बारा दिवस हातात आहेत. १६ला रविवार आहे. शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी दाखल करता येतं, हे खरं. पण तेवीस महिने घालवलेल्या माणसाने त्या सवलतीवर डोळा ठेवू नये. शुक्रवार, १४ तारखेच्या आत ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली पाहिजे. मेव्हण्यांच्या यूपीआयची नोंद आजच काढून तारीख पक्की करा.

नोटीस पाठवू नका. निदान आधी तरी नाही. अशा तक्रारीला नोटिशीची अट नाही, आणि नोटिशीने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. तुम्ही नोटीस पाठवाल, चालक पंधरा दिवस गप्प बसेल, आणि तुमचं दार बंद होईल. त्याचे व्हॉट्सॲप निरोप तुम्ही जोडले आहेत. 'सीझन संपला की देतो.' २६ मे ते ३१ ऑगस्ट तिकडे जलक्रीडा बंदच असतात, तेव्हा 'आता धंदा बंद आहे.' मग 'गणपती झाले की बघूया.' कोकणात गणपतीनंतर काय काय होणार असतं, हे कराडच्या माणसाला कुणी सांगायला हवं होतं. दोन गणपती गेले! मधे मिळालेल्या पाच हजारांमुळे मुदत नव्याने सुरू झाली असा युक्तिवाद कुणी सुचवेल. करून बघता येईल, पण मी त्याच्या भरवशावर राहणार नाही. दुसऱ्या ऑपरेशनच्या तारखेपासून मुदत मोजायच्या युक्तिवादाचंही तेच.

समोरच्याने मुदतीची हरकत घेतली नाही तर निभावेल, असंही समजू नका. मुदत आयोगाने स्वतःहून तपासायची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालीच सांगितलं आहे. उशीर माफ होतो, पण त्याला वेगळा अर्ज आणि सबळ कारण लागतं. 'तो बघतो म्हणाला होता' हे सहसा सबळ कारण ठरत नाही.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा, सिंधुदुर्गला खेटे घालायची गरज नाही. २०१९च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते. फी राइडच्या पैशांवर ठरते, भरपाईच्या मागणीवर नाही, त्यामुळे तुम्हाला ती शून्य आहे. पैसे मेव्हण्याने भरले याने काही बिघडत नाही, त्यांच्या संमतीने सेवा घेणारी व्यक्तीही ग्राहकच. होमस्टेवाल्याने राइड ठरवून दिली असेल तर त्यालाही सामनेवाला, म्हणजे तक्रारीतला विरुद्ध पक्ष करा. बोटीला मेरिटाइम बोर्डाचा परवाना होता का, हे माहिती अधिकारात मागा, पण तक्रार दाखल केल्यानंतर. उत्तराची वाट पाहत बसलात तर पुन्हा तेच.

आता सही. समुद्राचा धोका पत्करणं वेगळं आणि चालकाचा हलगर्जीपणा पत्करणं वेगळं, अशी मांडणी करता येते आणि ती मला पटते. पण फॉर्मचा मजकूर मी पाहिलेला नाही आणि सगळे आयोग एका सुरात बोलत नाहीत. तक्रारीत भर 'सेवेतील त्रुटी'वर ठेवा. 'अनुचित करार', म्हणजे फॉर्मच एकतर्फी आहे, हा मुख्य मुद्दा केलात तर प्रकरण राज्य आयोगाकडे न्या म्हणतील. केरळात कोवळमच्या सरकारी हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात पाहुणा बुडाला, तेव्हा जीवरक्षकाला बारचंही काम दिलेलं होतं. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातली साडेबासष्ट लाखांची भरपाई कायम केली. तुमची रक्कम त्याच्या आसपासही नसेल, पण सुरक्षेच्या कामात कुचराई म्हणजे काय, ते त्यातून दाखवता येईल.

निकाल कधी? कायद्यात तीन महिने लिहिले आहेत. ते वाचून आम्ही वकील हसतो. काही वर्षं धरून चाला. पोलिसांचा मार्ग वेगळा आहे. तेव्हा भारतीय दंड संहिता लागू होती, हाड मोडणं ही गंभीर दुखापत, आणि कलम ३३८ साठी तीन वर्षांची मुदत मिळते. त्याचं नंतर पाहू. तोवर मोबाइल बदलू नका, त्यातले निरोप लागतील.

आणि तक्रारदार म्हणून सही पत्नीची हवी, तुमची नाही. पाय त्यांचा मोडला आहे. तुमच्या दोन पानी पत्रात त्यांचं नाव कुठेच नाही.