उत्तर: मोठ्या कॉलेजात गेल्यावर गार्डचे पॉइंट्स घसरतात, म्हणून ट्रान्सफर फसलं असं धरायचं का?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुमचा भाचा अमेरिकेतल्या एका लहानशा डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सर्वांत वरची पातळी) कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, बास्केटबॉलमध्ये गार्ड (चेंडू पुढे नेणारा, बाहेरून मारणारा) खेळतो, सामन्यामागे पंधराएक पॉइंट्स करतो आणि आता ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव घालायचं म्हणतोय. घरच्यांचं म्हणणं असं की मोठ्या कॉलेजात गेलेल्या अशा पोरांचे पॉइंट्स निम्म्यावर येतात, मग आहे तिथे मानानं खेळलेलं काय वाईट?

घरच्यांना जे दिसलं ते खरं आहे. पॉइंट्स बऱ्याचदा उतरतात. पण त्यावरून ट्रान्सफर फसलं असं म्हणणं मला अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला सेथ करीइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या स्टेफ करीचा धाकटा भाऊ एवढीच त्याची ओळख बहुतेकांना असते. त्याची कॉलेजची कारकीर्द मात्र नीट पाहण्यासारखी आहे.

वडील डेल करी एनबीएत १६ हंगाम खेळलेले, मोठा भाऊ स्टेफ डेव्हिडसन कॉलेजात नाव काढत होता, तरी सेथ हायस्कूलमधून बाहेर पडला तेव्हा मोठ्या कॉलेजांनी त्याला फारसं विचारलं नाही. तो व्हर्जिनियातल्या लिंचबर्गला, लिबर्टी युनिव्हर्सिटीत गेला. २००८-०९च्या त्या पहिल्याच हंगामात त्याने सामन्यामागे २०.२ पॉइंट्स केले. देशभरातल्या फ्रेशमन (पहिल्या वर्षाच्या) खेळाडूंमध्ये हा आकडा सर्वांत वरचा होता. आणि मग तो ड्यूकला, म्हणजे बास्केटबॉलमधल्या बड्या कॉलेजात, गेला.

तेव्हाचा नियम असा होता की डिव्हिजन वनमध्ये कॉलेज बदललं की पुरुष बास्केटबॉलपटूला एक पूर्ण हंगाम बाहेर बसावं लागे. सराव संघाबरोबर करायचा, पण सामन्यात पाऊल टाकायचं नाही. सेथ बाहेर बसला तो हंगाम म्हणजे २००९-१०. त्याच हंगामात ड्यूकने अंतिम सामन्यात बटलरला ६१-५९ असं हरवून विजेतेपद पटकावलं. विचार करा, वीस पॉइंट्सची सवय लागलेला १९ वर्षांचा मुलगा, संघ देशात पहिला येतोय आणि हा साध्या कपड्यांत बेंचवर.

पुढच्या हंगामात तो खेळायला लागला आणि सरासरी आली ९.०. तुमच्या घरच्यांनी हाच आकडा पाहिला असता तर म्हणाले असते, बघा, वाया गेला. पण त्या संघात चेंडू कुणाच्या हातात होता ते बघा. नोलन स्मिथ त्या वर्षीचा एसीसी कॉन्फरन्सचा (ड्यूक ज्या कॉलेजांच्या गटात खेळतं त्याचा) सर्वोत्तम खेळाडू. काइल सिंगलर होता. कायरी अर्व्हिंग आठ सामने खेळून पायाच्या अंगठ्याच्या दुखापतीने बाहेर गेला, म्हणून तर सेथला जास्त मिनिटं मिळाली. लिबर्टीत प्रत्येक हल्ल्याची सुरुवात सेथपासून होत होती. इथे त्याला चेंडू नसताना धावायचं होतं: मोठ्या खेळाडूच्या स्क्रीनला (बचावपटूची वाट अडवून उभ्या असलेल्या सहकाऱ्याला) खांदा घासून बाहेर यायचं, पाय आधीच रोखून ठेवायचे, हातात चेंडू आला की ड्रिबल न करता मारायचा. क्लबसाठी ओपनिंग करणारा क्रिकेटपटू रणजी ट्रॉफीत सातव्या नंबरवर येतो तेव्हा त्याच्या धावा कमी होतात, त्याचा खेळ कमी होत नाही, तसंच हे.

९ फेब्रुवारी २०११ला ड्यूक-नॉर्थ कॅरोलायना सामना झाला. मध्यंतराला ड्यूक १४ पॉइंट्सनी मागे होतं. शेवटी ७९-७३ जिंकले. स्मिथचे ३४, सेथचे २२. स्मिथ आत घुसायचा, दोन-तीन जण त्याच्याकडे ओढले जायचे आणि बाहेर मोकळा सेथ तयार असायचा. लिबर्टीत तो स्वतः ते दोन-तीन जण अंगावर घेत होता, म्हणून त्याला असे मोकळे शॉट मिळायचे नाहीत. हा सामना मिळाला तर भाच्याबरोबर बसून बघा, आणि चेंडूकडे न बघता फक्त सेथच्या पायांकडे बघा.

पुढच्या हंगामात सेथची सरासरी १३.२, आणि शेवटच्या २०१२-१३च्या हंगामात १७.५. त्या वर्षी त्याच्या नडगीचं दुखणं इतकं होतं की तो सामने तेवढे खेळायचा, संघाबरोबर सराव जवळजवळ बंदच होता. तरीही एसीसीच्या पहिल्या संघात निवड झाली, आणि एनसीएए स्पर्धेत (देशभरातल्या कॉलेजांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत) मिशिगन स्टेटविरुद्ध २९ पॉइंट्स, त्यात सहा थ्री, म्हणजे लांबून मारलेले तीन पॉइंट्सचे शॉट. पुढच्या फेरीत लुइव्हिलने ड्यूकला बाहेर काढलं आणि कॉलेज संपलं.

त्यानंतर शस्त्रक्रिया झाली आणि २०१३च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) त्याचं नाव कुणीच पुकारलं नाही. दोन वर्षं एनबीएच्या खालची डेव्हलपमेंट लीग, अधूनमधून एखाद्या एनबीए संघाचं काही दिवसांचं बोलावणं. २०१५च्या लास व्हेगास समर लीगमध्ये तो चमकला आणि सॅक्रामेंटो या एनबीए संघाने करार दिला. २०१६-१७ला डॅलसमध्ये १२.८ची सरासरी, मग पायाच्या हाडाची दुखापत, एक हंगाम वाया. २०१८-१९ला पोर्टलंडकडून खेळताना वेस्टर्न कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये समोर सख्खा भाऊ. २०२४-२५ला शार्लटकडून खेळताना थ्रीची टक्केवारी ४५.६, लीगमध्ये सर्वांत जास्त. एवढी वर्षं त्याला एनबीएत कुणी ठेवलं ते चेंडू हातात नसतानाच्या खेळासाठी, म्हणजे ज्या खेळाने त्याचे पॉइंट्स २०वरून ९वर आणले त्याच खेळासाठी. लिबर्टीत राहून तो कदाचित आणखी दोनदा २०च्या वर गेला असता. पण हे शिकायला त्याला कुणी भाग पाडलं नसतं.

बाहेर बसण्याचं वर्षही फुकट जात नव्हतं. डेव्हियन मिचेल ऑबर्नमध्ये पहिल्या वर्षी सामन्यामागे चार पॉइंट्सही करत नव्हता. बेलरला गेला, २०१८-१९ पूर्ण बसला, सराव केला. २०२१ला अंतिम सामन्यात बेलरने गोन्झागाला ८६-७० हरवलं तेव्हा तो देशातला सर्वोत्तम बचावपटू ठरलेला होता आणि ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर गेला.

आता ते सक्तीचं वर्ष नाही. पोर्टल ऑक्टोबर २०१८पासून आहे. २०२१ला एकदा न बसता बदलायची मुभा मिळाली, आणि कोर्टकचेरीनंतर २०२४पासून अभ्यासात पात्र असलात तर कितीही वेळा बदला. त्यामुळे आजच्या मुलाला सेथसारखं शांतपणे वर्षभर शिकायला मिळत नाही. जाऊन लगेच खेळायचं, लगेच दाखवायचं. म्हणून कॉलेज निवडताना आधीपेक्षा जास्त डोकं लावावं लागतं.

या काळातलं उदाहरण वॉल्टर क्लेटन ज्युनियरचं. फ्लोरिडातल्या लेक वेल्सचा मुलगा. अमेरिकन फुटबॉलमध्ये मोठ्या कॉलेजांच्या ऑफर्स असताना बास्केटबॉलच खेळायचं ठरवून न्यूयॉर्क राज्यातल्या आयोना कॉलेजात प्रशिक्षक रिक पिटिनोकडे गेला. दुसऱ्या वर्षी १६.८ची सरासरी, कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू. २०२३ला पिटिनो सेंट जॉन्सला गेले. क्लेटनने मात्र प्रशिक्षक टॉड गोल्डनचं फ्लोरिडा निवडलं. तिथे पहिल्या वर्षी चेंडू सांभाळायला झायॉन पुलिन होता, तोही ट्रान्सफर होऊन आलेला, त्यामुळे क्लेटनला मोकळेपणाने मारता आलं: १७.६. पुलिन गेल्यावर जबाबदारी याच्याकडे आली: १८.३. म्हणजे याचे पॉइंट्स पडलेच नाहीत, कारण त्या संघात नेमकी त्याच्याच कामाची जागा रिकामी होती. २०२५च्या त्या संघातले तिन्ही मुख्य गार्ड बाहेरून आलेले होते: क्लेटन, फ्लोरिडा अटलांटिकचा अलिजा मार्टिन आणि बेलमाँटचा विल रिचर्ड.

त्या एनसीएए स्पर्धेत क्लेटनने टेक्सास टेकविरुद्ध ३० आणि उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध ३४ केले. पण मला त्याचा अंतिम सामना जास्त मोलाचा वाटतो. ७ एप्रिल २०२५, सॅन अँटोनिओ, समोर ह्यूस्टन. पहिल्या हाफमध्ये क्लेटनचे पॉइंट्स शून्य. दुसऱ्या हाफमध्ये संघ १२नी मागे पडला. ह्यूस्टनने त्याला चेंडूच मिळू द्यायचा नाही असं ठरवलं होतं. त्याने हट्ट धरला नाही, पासेस देत राहिला, सात असिस्ट झाले, रिचर्डने १८ केले. शेवटचे काही सेकंद, फ्लोरिडा ६५-६३ पुढे, चेंडू ह्यूस्टनकडे. इमॅन्युएल शार्प थ्रीसाठी उडी घेतो आणि क्लेटन झेपावत त्याच्या अंगावर येतो. हवेत असलेल्या शार्पला शॉट घेता येईना, चेंडू घेऊन खाली उतरला तर ट्रॅव्हलिंगचा नियमभंग, म्हणून त्याने चेंडू सोडून दिला. खाली टप्पे खाणाऱ्या त्या चेंडूला त्याला पुन्हा हात लावता येत नव्हता. फ्लोरिडाच्या अ‍ॅलेक्स काँडनने जमिनीवर झेप घेऊन तो धरला आणि वेळ संपली. क्लेटनचे एकूण पॉइंट्स ११, आणि स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच. जूनमध्ये ड्राफ्टला १८वा.

आता तुमच्या भाच्याबद्दल. पॉइंट्सचा प्रश्न बाजूला ठेवा आणि प्रशिक्षकाला सरळ विचारा की पुढच्या वर्षी चेंडू कुणाच्या हातात असणार आहे, आणि ज्या गार्डची जागा रिकामी होतेय तो काय काम करत होता. उत्तर गोल गोल आलं तर पुढे जाऊ नका. प्रशिक्षक स्वतः कितपत टिकणार आहेत तेही बघा, कारण पिटिनोंसारखे तेही जाऊ शकतात.

पोर्टलमध्ये नाव घालण्याआधी दोन गोष्टी घरच्यांनी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. एक, नाव गेलं की आताचं कॉलेज त्या टर्मनंतर शिष्यवृत्ती थांबवू शकतं. आणि पोर्टलमधल्या प्रत्येकाला जागा मिळते असं नाही. २०२५च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर जी कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देतात त्यांना संघ १५ जणांत बसवावा लागतो, आणि त्या जागांवर बावीस-तेवीस वर्षांचे तयार गार्डही डोळा ठेवून असतात. दुसरं, क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे गुण. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ठरावीक टक्के अभ्यास पूर्ण असावा लागतो, आणि तो नव्या कॉलेजच्या पदवीच्या हिशोबाने मोजला जातो. जुनी क्रेडिट्स तिथे लागू पडली नाहीत तर चांगला खेळाडूही अपात्र होतो. मैदान बघायला जाल तेव्हा शैक्षणिक सल्लागाराला भेटल्याशिवाय परत येऊ नका.

पैशांसाठी जायचं असेल तर तेही उघडपणे बोला, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त करार वकिलाला दाखवा.

भाच्याच्या डोक्यात जी दोन-तीन कॉलेजं आहेत त्यांची नावं इथे टाका. तिथले कोणते गार्ड शिकून बाहेर पडतायत आणि कोण राहतायत हे बघून मी खाली लिहितो. त्याचा डिफेन्स कसा आहे तेही सांगा, कारण तुमच्या प्रश्नात त्याबद्दल काहीच नाही आणि मोठ्या कॉलेजात पहिली मिनिटं त्यावरच मिळतात.