शब्द नसलेल्या बँडची तिकिटं कशी खपवायची?

वाशीत १२० खुर्च्यांचा हॉल, ठाण्याचा एक आणि खारघरचा एक असे दोन इन्स्ट्रुमेंटल (गायक नसलेले, नुसती वाद्यं वाजवणारे) रॉक बँड, हातात तीन आठवडे आणि विकलेली तिकिटं १९. पोस्टर झालं, इन्स्टाग्रामवर पैसे घालून जाहिरात झाली, आता काय करू, असं तुम्ही विचारलंय.

आधी जाहिरातीचा खर्च थांबवा. 'पोस्ट-रॉक, मॅथ-रॉक' ही संगीतप्रकारांची नावं वाचून जे येणार होते ते त्या १९ जणांत आलेच. बाकीच्यांना तिथे काय ऐकायला मिळणार हेच कळलेलं नाही. गुणगुणायला शब्द नसतात, त्यामुळे एकाने दुसऱ्याला सांगणंही होत नाही. त्यांना ऐकवावंच लागतं.

म्हणून तालमीचा व्हिडिओ काढा. चित्र फोनवर चालेल, आवाज मात्र फोनचा नको. ड्रम जोरात आले की तो फाटतो आणि बास तर गायबच होतो. मिक्सरमधून वेगळं रेकॉर्डिंग घेऊन चित्रावर बसवा. तुकडा कुठून कापता यावर सगळं आहे. तुमच्या रचना आठ-आठ मिनिटांच्या, हळूहळू चढत जाणाऱ्या. सुरुवातीचे मंद सूर टाकलेत तर बघणारा पुढे सरकतो, नुसता कळस टाकलात तर त्याला तो गोंगाट वाटतो. कळसाच्या पंधरा सेकंद आधी सुरू करा, तो आल्यावर वीसेक सेकंद चालू द्या. खाली साध्या मराठीत लिहा: दोन गिटार, बास, ड्रम, गायक नाही. मग कुठे, कधी, कितीला.

'शब्दांशिवाय कोण ऐकणार' हे मला मुळीच पटत नाही. स्कॉटलंडचा मॉगवाय हा बँड बहुतेक वेळा नुसती वाद्यंच वाजवतो. त्यांचा अल्बम २०२१ मध्ये ब्रिटनच्या अल्बमच्या यादीत पहिला आला. तेही राहू दे. आपल्याकडे ढोल-ताशा पथकासमोर लोक भर उन्हात उभे राहतात, बेंजोच्या मागे नाचत जातात, तिथे कोण गात असतं? ठाण्यातल्या आमच्या बँडच्या पहिल्या कार्यक्रमाला चाळीसेक लोक होते आणि निम्म्याहून जास्त आमच्या ड्रमरच्या पथकातले. तो पथकात ताशा वाजवायचा. आमची सात मात्रांची एक रचना त्या मुलांनी दुसऱ्या आवर्तनात पकडली, टाळी बरोबर समेवर! स्टेजवर माझ्या अंगावर काटा आला होता.

तेव्हा पथकांच्या सरावाला जा. गिटार-ड्रमच्या क्लासमध्ये, जॅम रूममध्ये, म्हणजे बँडना तासावर मिळणाऱ्या तालमीच्या खोल्यांत जा. स्वतः जा, दोन मिनिटं वाजवून दाखवा, पाच तिकिटं एकदम घेणाऱ्याला सवलत द्या. फुकट पास वाटू नका. फुकट पासवाला जरा पाऊस आला की घरी थांबतो. दोन्ही बँडनी आपापल्या गावात हे केलं तर उरलेल्या खुर्च्या भरतील असं मला खरंच वाटतं.

वेळेचं बघा. रविवार ठेवला असेल तर त्या आठवड्याचा मेगाब्लॉक आधी तपासा. ब्लॉक बहुधा दिवसा असतो, म्हणजे साउंडचेकला सामान घेऊन येणारे तुम्हीच अडकाल. सहाला सुरू, साडेनऊला संपणार, असं पोस्टरवरच छापा. ठाण्याला परतणाऱ्याला ट्रान्स हार्बरची गाडी मिळेल याची खात्री हवी असते. बंद सभागृहाबाहेर रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळे उघड्या गच्चीचा विचार असेल तर आणखी लवकर सुरू करा आणि पोलिसांची परवानगी आत्ताच मागा.

दारावर येणाऱ्या प्रत्येकाला विचारून नंबर घ्या आणि तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये तिथेच सेव्ह करायला लावा. तो सेव्ह नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. आम्हाला हे तिसऱ्या कार्यक्रमानंतर कळलं.

या शनिवारच्या तालमीचं रेकॉर्डिंग करा आणि टाकण्याआधी मला पूर्ण पाठवा. कुठून कापायचं ते ऐकून सांगतो.