चित्राच्या कोपऱ्यातला 'सी'

"ताई, चित्रं काढायची आवड खूप आहे, पण सातत्य राहत नाही." हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की पुढचं वाक्यही आता पाठ झालंय: "चार दिवस उत्साह असतो, मग वही कपाटात." सांगणारे कधी शिरपूरकडच्या शिक्षिका असतात, कधी बँकेत लागलेला तरुण, कधी निवृत्तीनंतर हौसेनं रंगांची पेटी आणलेले काका. धुळ्यासारख्या गावात एवढ्याच कारणासाठी समुपदेशकाची पायरी कोणी चढत नाही. येतात ते झोप नाही म्हणून, घरात खटके उडतात म्हणून. दोन-चार भेटी होतात, मोकळेपणा येतो, आणि मग निघता निघता विचारतात, "मी मुळातच आळशी आहे का हो?"

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असं असतं. का, ते आप्पांच्या गोष्टीतून सांगते. त्यांनी आनंदानं परवानगी दिली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आप्पा ५४ वर्षांचे. एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, हिशेबाचं काम बघतात. दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. वजनाच्या पावत्या, उचल, हमाली, सगळं यांच्या टेबलावरून जातं. रात्री दोनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून मुलीनं त्यांना माझ्याकडे आणलं होतं. झोपेचं आम्ही मार्गी लावलं, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

एकदा त्यांनी कापडी पिशवीतून चार स्केचबुकं काढून माझ्यासमोर ठेवली. जाड, महागाचा कागद, पुण्याहून मागवलेली. प्रत्येकात सुरुवातीची सात-आठ पानं भरलेली आणि पुढे सगळं कोरं. शिवणीपाशी फाडलेल्या पानांच्या दातेरी कडा दिसत होत्या.

"हे बघा आमचं सातत्य," ते म्हणाले. "तिकडे चाळीसगावचे केकी मूस. एका घरात राहून अख्खं आयुष्य कलेला दिलं त्या माणसानं. आणि मला दिवसातून अर्धा तास निघत नाही."

खान्देशातल्या चित्रवेड्या माणसाच्या बोलण्यात मूस यांचं नाव आल्याशिवाय राहत नाही. १९१२ ते १९८९ एवढं आयुष्य, त्यातली कित्येक दशकं घराबाहेर जवळपास पाऊल न टाकता चाळीसगावात काढलेली. छायाचित्रं, चित्रं, शिल्पं. मलाही त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण आप्पा त्या नावाचा कोरडा करून स्वतःच्या पाठीवर ओढत होते. मी विचारलं, "मूस यांची टेबलटॉप छायाचित्रं ऐकून-पाहून माहीत असतीलच. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या आणि त्यातून देखावा उभा करायचा. त्यांच्याकडून तुम्हाला काय घ्यायचंय, ते टेबल की तो एकांतवास?"

ते हसले. पण गाठ सुटली नव्हती, हे दोघांनाही कळत होतं.

मी वही चाळू लागले. रवंथ करत बसलेला बैल. पितळी तांब्या. ओट्यावर पाय पसरून शेंगा फोडणारी म्हातारी. हात चांगला होता, बघणं त्याहून चांगलं. चाळता चाळता एक गोष्ट डोळ्यात भरली. प्रत्येक चित्राच्या खाली उजव्या कोपऱ्यात तारीख होती आणि तारखेशेजारी, नीट पाहिलं तरच दिसेल असं, पेन्सिलीनं बारीक एक इंग्रजी अक्षर. सी. सी. बी. पुन्हा सी.

"आप्पा, हे काय?"

"ते काही नाही. असंच."

"असंच म्हणजे?"

"ग्रेड आहे."

"कोण देतं?"

आप्पा एरवी माझ्याशी कार्यालयीन मराठीत बोलतात. आतलं काही सांगायचं असलं की अहिराणीत शिरतात. खाली बघत म्हणाले, "मीच देस, ताई."

मग गोष्ट बाहेर आली. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला त्यांना 'ए' मिळाला होता. पुढे इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या पेपरात घागरीच्या तोंडाचा लंबगोल बिघडला. खोडून खोडून कागदाला भोक पडायची वेळ आली आणि वेळ संपली. 'सी' आला. चित्रकलेच्या सरांनी वर्गात निकाल वाचताना "पास झालास, बस्स" एवढंच म्हटलं. एटीडी करून ड्रॉइंग टीचर व्हायचं मनात होतं. वडिलांनी त्या 'सी'वर बोट ठेवलं आणि जिनिंगची वाट दाखवली.

मी एक चित्र, तांब्याचं, त्यांच्यासमोर धरलं. "हा 'सी' कोणाला दिलाय? तांब्याला की तुम्हाला?"

ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मी मधे बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं बोलू नये, असं माझं पक्कं मत आहे. "तांब्या बरा आलाय तसा," ते म्हणाले. "काठ जमलाय." पुन्हा थांबले. मग चष्मा काढून हातात घेतला. "तो सी मन्हाच शे." माझाच आहे.

माझ्या कामात असे क्षण रोज येत नाहीत. माणूस वर्षानुवर्षं 'सातत्य नाही, जिद्द नाही' असं स्वतःला बोल लावत असतो आणि एका वाक्यात त्याला दिसतं की अडचण वेगळ्याच जागी आहे. आप्पांकडे वेळ होता, हात होता, ओढही होती. पण वही उघडली की ते चित्र काढायला बसतच नव्हते, परीक्षेला बसत होते. दिवसभर आकडेमोड करून दमलेला माणूस रोज संध्याकाळी परीक्षेला कशाला बसेल? टाळेलच. मग आपण त्या टाळण्याला आळस म्हणतो आणि आणखी एक 'सी' देऊन मोकळे होतो.

हे एकट्या आप्पांचं नाही. महाराष्ट्रात ज्यांना ज्यांना लहानपणी चित्राची गोडी होती, त्यांतले कितीतरी जण या दोन शासकीय रेखाकला परीक्षांमधून गेलेले असतात. परीक्षांना मी नावं ठेवणार नाही. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांनी पहिल्यांदा नीट ब्रश धरला तो त्यांच्याच निमित्तानं. पण पुढे दहावीच्या धबडग्यात चित्रकला सुटते, आणि चाळिशी-पन्नाशीत पुन्हा वही घेतली की मन जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू करतं: समोर मांडलेली वस्तू, भिंतीवरचं घड्याळ, पाठीमागे फिरणारे पर्यवेक्षक. चित्रकलेचा दुसरा अनुभवच गाठीशी नसतो.

मी ज्या विचारसरणीत घडले ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांची. विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून आपल्याकडे ती ओळखली जाते. तिच्यातली एक शिकवण मला आजही सगळ्यात मोलाची वाटते: कृतीचं मोल जरूर करा, माणसाचं करू नका. बैलाचा पाय आखूड झाला, हे खरं असू शकतं. 'म्हणून मी सामान्य कुवतीचा' हे त्यातून निघत नाही. आणि 'मला चित्र काढायला आवडेल' ही इच्छा 'माझं चित्र चांगलं आलंच पाहिजे' अशा हट्टात बदलली की आवडीची गोष्ट छातीवरचा दगड होते.

नुसतं समजून भागत नाही, करून बघावं लागतं. एलिस तरुणपणी फार लाजाळू होते. १९ व्या वर्षी त्यांनी ठरवलं की महिनाभर न्यूयॉर्कच्या एका वनस्पती उद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. शंभरावर जणींशी बोलायचा त्यांनी प्रयत्न केला. हाती काही लागलं नाही, पण नकाराची भीती गेली. ही गोष्ट मी आप्पांना सांगितली आणि गृहपाठ दिला: रोज एक चित्र काढायचं, मुद्दाम वाईट.

"वाईट?"

"जमेल तेवढं वाईट. शाळेची शंभर पानी वही, बॉलपेन, पाच मिनिटं. खोडरबर कपाटात. पान फाडायचं नाही. आणि कोपऱ्यात ग्रेडऐवजी फक्त एवढंच लिहायचं की कुठे बसलो होतो आणि समोर काय होतं."

पुढच्या भेटीत ते काहीसे वैतागूनच आले. "ताई, मुद्दाम वाईट काढायला बसलो तर तेही धड येईना. काल पाच मिनिटं म्हणून बसलो आणि पाऊण तास गेला. चहा गार झाला."

वहीत एक हमाल बारदानाच्या थप्पीवर झोपलेला होता. डोक्याखाली हात, तोंडावर गमछा. पाय वाजवीपेक्षा खूप लांब झाले होते, आणि त्या लांबलेल्या पायांतूनच त्याचा थकवा दिसत होता. कोपऱ्यात लिहिलं होतं: 'काटा, दुपार. ट्रॉल्या १४ उभ्या.' एकही रेघ खोडलेली नव्हती. चुकलेल्या रेघेशेजारी दुसरी ओढली होती, बस. बॉलपेनचा हाच गुण आहे, तो माघार घेऊ देत नाही आणि म्हणून पुढे नेतो. नव्यानं सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी महागाचं स्केचबुक काही दिवस दूर ठेवायला सांगते. महाग पान खराब होईल ही धास्ती हाताला जखडते.

आता सवयीचं. "वेळ मिळेल तेव्हा काढेन" असं म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही. आधीपासून रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला चित्र जोडून टाका. आप्पांनी ते काट्यावरच्या दुपारच्या चहाला जोडलं: पेला हातात आला की दुसऱ्या हातात पेन. कोणी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत काढतं, कोणी मुलाला शिकवणीला सोडून बाहेर थांबलेलं असताना. काय काढायचं हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, नाहीतर पाच मिनिटं विषय शोधण्यातच जातात. देखावे नकोत. चपलांचा ढीग, सांडशी, स्वतःचा डावा हात, हिवाळ्यात भरतासाठी आणलेली वांगी. वांगं फार चांगला गुरू आहे. देठाचे काटे आणि अंगावरची चमक यांत महिना निघतो. आणि रेघ अगदीच घाबरत असेल तर कागदाकडे न बघता वस्तूच्या कडेवरून नजर सावकाश फिरवत काढा. चित्र वेडंवाकडंच येणार हे आधीच ठरलेलं असल्यानं मन निवांत होतं.

एप्रिलमध्ये आप्पांचा फोन आला. आवाज पडलेला. "सुटलं, ताई. बारा दिवस झाले, काही काढलं नाही. शेवटी मूळ स्वभावावर गेलो."

मी विचारलं, "काटा चालू आहे का?"

हंगाम संपला होता. आवक बंद, रांग नाही, दुपारचा चहा नाही. बाहेर पारा ४४ वर, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. आप्पांची सवय मोडली नव्हती. ती ज्या खुंटीला टांगली होती ती खुंटीच निघाली होती. हा फरक फार महत्त्वाचा आहे आणि लोक तो करत नाहीत. जागा बदलली, बदली झाली, परीक्षा-लग्नसराई आली की सवय गळते, आणि दोष स्वभावाला जातो. आम्ही नवी खुंटी शोधली: पहाटे गच्चीवरची अंथरुणं गोळा करायच्या आधी, गारवा असेपर्यंत. वहिनी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "काय करी राह्यनात सकाय सकाय?" आठवड्याभरात त्यांची झोपेतली दोन चित्रं वहीत आली, आणि त्यांना ती आवडली नाहीत.

'२१ दिवसांत सवय लागते' हे वाक्य बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं आणि बाविसाव्या दिवशी ते निराश होतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा १२ आठवडे अभ्यास केला. गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. त्यातलीच दुसरी गोष्ट मी सगळ्यांना सांगते: एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणून चुकलेल्या दिवसाची भरपाई करायला दुसऱ्या दिवशी दोन चित्रं काढू नका. ती शिक्षा होते, आणि शिक्षा आली की परीक्षकही परत येतो.

तो परीक्षक आणखी एका वाटेनं येतो. जिनिंगच्या मालकांच्या मुलानं कौतुकानं आप्पांचा झोपलेला हमाल व्हॉट्सॲप स्टेटसला टाकला. खूप अंगठे आले, वाहवा झाली. पुढचा आठवडाभर आप्पांचा हात चालेना. कोपऱ्यात 'सी' नव्हता, पण मनात "हे त्या हमालासारखं आलं नाही" सुरू झालं होतं. 'ए'सुद्धा ग्रेडच असते. तेव्हापासून मी सांगते की पहिले काही महिने वही कोणाला दाखवू नका, निदान जिथे अंगठे मोजता येतात तिथे तरी नाही.

यावर नेहमी विचारलं जातं, "मग चुका कळणार कशा?" चुका कळायलाच हव्यात. आप्पा आता महिन्यातून एका रविवारी एका निवृत्त चित्रकला शिक्षकांकडे जातात, घागरीचा लंबगोल बसवून घेतात. त्यासाठी वेगळी वही आहे, तिच्यात खोडरबरही चालतं. काट्यावरची वही ते सोबत नेत नाहीत. तुम्हीही दोन वह्या करा, आणि रोजच्या वहीवर कोणी शेरा मारू लागलं, अगदी प्रेमानं का होईना, तर ती मिटून खिशात टाका.