वाचकांचे प्रश्न : दोन गिटार, दोन गळे

गेल्या अंकात या सदरातून नॉर्वेमधील बर्गन शहरच्या एर्लेंड ओय आणि आयरिक ग्लाम्बेक बो या दोघांच्या ‘किंग्ज ऑफ कन्व्हीनियन्स’ या जोडीची ओळख करून दिली होती. त्यांचा 2001 साली आलेला ‘क्वाएट इज द न्यू लाउड’ हा अल्बम वाचकांनी ऐकावा आणि मोकळेपणाने कळवावे, असेही सुचवले होते. दोन गिटार, दोन गळे, अधूनमधून पियानो, व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये आणि काही ठिकाणी हलका ड्रम, साधारण एवढाच त्या अल्बमचा पसारा आहे. सांगली जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत तक्रारीची पत्रे बरीच आहेत आणि मला तीच अधिक उपयोगाची वाटली.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त सांगली-कोल्हापूर रस्त्यावर रोज ये-जा करतो. गाडीत हा अल्बम लावला, तर हातकणंगले येईपर्यंत धड काही ऐकूच आले नाही. आवाज पूर्ण वाढवला, तेव्हा तारांवर बोटे घासल्याचा आवाज तेवढा मोठा झाला. दुसऱ्या दिवशी रात्री घरी लावला, तर तिसऱ्या गाण्याला झोप लागली. हे गाणे म्हणायचे की अंगाई?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या दोन्ही अनुभवांवर माझा पूर्ण विश्वास आहे. धावत्या गाडीत इंजिनाचा, टायरचा आणि वाऱ्याचा मिळून जो घोंगाट असतो, तो नेमका खालच्या पट्टीतला असतो आणि गाण्यातील खर्जाचा भाग तो आधी गिळून टाकतो. एरवीची चित्रपटगीते अशा घोंगाटातही ऐकू येतात, कारण ध्वनिमुद्रणानंतर त्यांतील मोठा भाग दाबून आणि हळू भाग उचलून दोन्ही जवळजवळ एका पातळीवर आणलेले असतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर लागलेले गाणे दोन शेते ओलांडून शब्दांसकट कळते, ते केवळ कर्णा मोठा असतो म्हणून नव्हे. या अल्बममध्ये तसे दाबण्याचे काम बेताचेच वाटते, म्हणून गाडीत शब्दाचा शेवट, श्वास आणि सुटी झालेली तार हे सगळे हरवते आणि आपण आवाज वाढवला की बोटांची घसट तेवढी पुढे येते.

यातील गायन मायक्रोफोनच्या अगदी जवळून, बोलण्याच्या आवाजात केलेले आहे. त्यात एक तांत्रिक गंमत आहे. एका दिशेने ऐकणाऱ्या मायक्रोफोनजवळ तोंड नेले की तो आवाजातील खर्ज आपोआप भरदार करतो, त्यामुळे हळू म्हटलेली ओळ कानाशी कुणी बोलल्यासारखी वाटते. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक सादर केले, तेव्हापासून मायक्रोफोन येईपर्यंतच्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावाच लागे आणि आपल्या कानाला फेकीची ती सवय अजून आहे. भावगीताने ती थोडी मोडली, एवढेच.

झोपेबद्दल मात्र मी या जोडीची वकिली करणार नाही. सगळ्या गाण्यांची लय इतकी जवळजवळची आहे की सहाव्या-सातव्या गाण्यापाशी माझेही लक्ष सुटते. अल्बम सलग ऐकू नये. रात्री पंखा बंद करून तीनच गाणी ऐकावीत आणि उठावे. पंखा बंद करण्याची सूचना थट्टेने केलेली नाही, कारण आपल्याकडच्या खोलीत हळू संगीताचा पहिला शत्रू छताला टांगलेला असतो.

प्रश्न : मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीजवळ माझे बालपण गेले, त्यामुळे तंबोरा जुळवतानाचे सूर कानात बसलेले आहेत. हे दोघे एकाच वेळी गातात, पण एकाचा सूर मूळ चालीपासून सुटलेला वाटतो. शिवाय कुठेतरी काहीतरी किंचित चढे लागते, असेही जाणवते. माझे कान चुकत आहेत का?
— एक वाचिका, मिरज

उत्तर : आपले कान चुकत नाहीत आणि आपल्या प्रश्नात खरे तर दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न सुटलेल्या सुराचा. आपल्याकडे दोघे गायले तर एकाच चालीने गातात, फार तर एक वरच्या सप्तकात जातो. या जोडीत मात्र एकजण चाल म्हणतो आणि दुसरा बऱ्याच ठिकाणी त्याच्यापासून तिसऱ्या स्वराच्या अंतरावर राहून त्याच शब्दांत सोबत चालतो. पहिला षड्जावर (सा) असेल तर दुसरा गंधारावर (ग), असे समजावे. हा गंधार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही, कारण तो आपल्या गल्लीत रोज निपजत होता. तंबोऱ्याला चार तारा असतात आणि पंचमाच्या जुळवणीत त्यांवर पंचम (प) आणि षड्ज एवढेच स्वर लावलेले असतात, पण घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, बरोबर उघडली की खर्जाच्या तारेतून कुणीही न लावलेला गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. तार छेडली की मूळ स्वरासोबत आपोआप निघणारे सूक्ष्म स्वर म्हणजे उपस्वर; मूळ स्वर पहिला धरून मोजले, तर हा गंधार त्यांत पाचवा येतो. जवारी लावणारा कारागीर दोरा केसभर पुढे-मागे करत मान वाकडी करून ज्याची वाट पाहत असतो, त्यात हा गंधारही असतो. ज्या गावात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि ज्या गावाच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या श्रोत्याला दोन गळ्यांमधील हे अंतर ओळखीचे वाटायला फार वेळ लागू नये. पुढच्या वेळी तंबोरा छेडून आधी त्यातला गंधार शोधावा आणि मग गाण्यातील फक्त दुसऱ्या आवाजाच्या मागे जावे, म्हणजे तो सुटलेला नसून बांधलेला आहे, हे कळेल.

दुसरा प्रश्न चढ्या सुराचा, आणि त्याबद्दल आपले अभिनंदन केले पाहिजे. गिटारवरील पडदे पक्के बसवलेले असतात आणि सप्तकाचे बारा सारखे भाग करून त्यांच्या जागा ठरवलेल्या असतात. सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग मानले, तर तंबोऱ्यातला नैसर्गिक गंधार 386 व्या भागावर येतो आणि गिटारचा 400 व्या भागावर. म्हणजे गिटारचा गंधार चौदा भागांनी चढाच असतो. हार्मोनियमवर आपले जुने गवई रुसत, त्यामागेही हे एक कारण होते. गळ्याला पडदे नसतात, त्यामुळे दोन गळे एकमेकांशी जुळताना नैसर्गिक गंधाराकडे ओढ घेऊ शकतात आणि खाली गिटार आपल्या जागेवर अडून राहते. आपल्याला जाणवलेली चढाई बहुधा गिटारची असावी. पाश्चात्य श्रोत्याला लहानपणापासून या गंधाराची सवय असल्यामुळे त्याच्या हे सहसा ध्यानातही येत नाही.

प्रश्न : तबला नाही, ढोलकी नाही, मग ही गाणी तालात आहेत हे ओळखायचे कसे?
— एक भजनी वाचक, तासगाव

उत्तर : उजव्या हाताच्या अंगठ्याकडे कान द्यावा. अंगठा जाड तारांवर ठरावीक अंतराने पडतो आणि बाकीची बोटे बारीक तारांवर चाल विणतात, त्यामुळे ठेका आणि सूर एकाच हातातून निघतात. वीणेकरी टाळ-मृदंगाआधी एकटाच उभा राहून अभंग धरतो, तेव्हा आपण ताल कुठे शोधता? तसेच इथेही करावे. पहिल्या अल्बममध्ये थोडाफार असलेला ड्रम या जोडीने 2009 च्या तिसऱ्या अल्बममधून पूर्णपणे काढून टाकला. आपल्यासारख्या टाळकऱ्याला तो अधिक अवघड जाईल, म्हणून तो नंतर ऐकावा.

प्रश्न : इंग्रजी शब्द कळत नसताना हे ऐकण्यात काय हशील?
— एक वाचक, जत

उत्तर : मराठी श्रोता आधी शब्द ऐकतो, त्यामुळे आपली अडचण खरी आहे. मात्र या दोघांचीही इंग्रजी ही मातृभाषा नाही. त्यांची वाक्ये लहान आहेत आणि उच्चार सुटे आहेत. शब्द समोर ठेवून दोनदा ऐकल्यास बरेच लागते. तरीही रुचले नाही, तर सोडून द्यावे.

प्रश्न : एवढे चांगले गातात, तर वीस वर्षांत चारच अल्बम का?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : 2001, 2004, 2009 आणि थेट 2021 असा तो हिशेब आहे. शेवटचे अंतर बारा वर्षांचे पडले. ओय इटलीच्या सिसिली बेटावरील सिराक्यूझा येथे राहायला गेला आणि बो बर्गनमध्येच राहिला. ज्या संगीतात एकाचा श्वास दुसऱ्याला ऐकू यावा लागतो, ते दोन देशांत बसून आपापला भाग पाठवून जुळवणे कठीणच. चौथ्या अल्बमचे काम वेगवेगळ्या शहरांत, काही वर्षे तुकड्या-तुकड्यांनी चालले होते. मला तो पहिल्यापेक्षा सरस वाटतो, पण हे मत मान्य नसणारे पुष्कळ भेटतात.

प्रश्न : मी स्वयंपाकघरात हा अल्बम लावला होता. माझ्या सासूबाईंचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि त्यांना इंग्रजीचा एक शब्दही येत नाही. थोडा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, “हे दोघं जात्यावर बसल्यागत गात्यात बघ.” त्यांची तुलना योग्य आहे का?
— एक वाचिका, कवठेमहांकाळ

उत्तर : आलेल्या सगळ्या पत्रांत मला सासूबाईंचे हे एक वाक्य सर्वांत मोलाचे वाटले. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्याला दोघींचे हात असतात आणि एकीने मूठभर दाण्यांची वैरण घातली की खुंटा क्षणभर दुसरीच्या ताब्यात जातो. एक ओवी धरते, दुसरी ती झेलते. घर झोपलेले असते, म्हणून आवाज चढवायचा नसतो आणि समोरची हातभर अंतरावर असल्यामुळे चढवण्याची गरजही नसते. जात्याची घरघर खाली अखंड चालू असते आणि गिटारचा अंगठा तिच्याच जागी बसला आहे. एक फरक सांगायला हवा. ओवीत दोघींची चाल एकच असते, मिरजेच्या वाचिकेला खटकलेला तो वेगळा गंधार तिथे नसतो. आणखी एक फरक असा की या दोघांना आपण ऐकले जाणार हे ठाऊक असते. ओवी म्हणणारीला तसे ठाऊक असेलच असे नाही, त्यामुळे सासर, भाऊ, पंढरी यांविषयी ती जे बोलून जाते, तितके मोकळे या अल्बममध्ये काही सापडत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांमधून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. पिठाच्या गिरण्या आल्यावर जाते कोपऱ्यात गेले आणि ओवीची बसायची जागाच गेली. सासूबाईंना सवड असेल तेव्हा त्यांच्या आठवणीतल्या दोन-तीन ओव्या लिहून पाठवाव्यात आणि त्या म्हणताना खुंट्याला दुसरा हात कुणाचा असे, आईचा, जावेचा की शेजारणीचा, तेही कळवावे.